रविवारी घरच्या घरी १८७९: मानसशास्त्राचे जुने प्रयोग कसे करायचे

पुतणी एफवायला आहे, मानसशास्त्र घेतलंय. परवा पहिलं युनिट घेऊन आली आणि म्हणाली आत्या, हे सगळं पाठ कसं करू. बघितलं तर तेच, आमच्या वेळी होतं तेच: वेबर, फेक्नर, हेल्महोल्ट्झ, वुंट, एबिंगहाऊस, टिचनर, प्रत्येकाच्या नावापुढे एक साल आणि एक ओळ. वुंट, लाइपझिग, १८७९, पहिली प्रयोगशाळा, झालं. असं वाचून कोणाच्या लक्षात राहणारे? आणि राहिलं तरी त्या प्रयोगशाळेत नेमकं चालायचं काय हे कोणालाच माहीत नसतं, मला पण बीए होईपर्यंत नीट माहीत नव्हतं.

मग आम्ही दोघींनी एक रविवार काढला आणि ते जुने प्रयोग घरीच केले. कसे केले ते इथे लिहितेय, कोणाला करायचे असतील तर. सामान घरात असतंच: एकसारख्या दोन रिकाम्या पाण्याच्या बाटल्या अर्ध्या लिटरच्या आणि दोन एक लिटरच्या, खोकल्याच्या औषधावर येतं ते मापाचं झाकण, पत्त्यांचा कॅट, ३० सेंमीची पट्टी, एक हेअरपिन, फोन आणि वही. आणि एक दुसरा माणूस, जो दर पाच मिनिटांनी "झालं का" विचारणार नाही असा. ही शेवटची वस्तू मिळायला सगळ्यात अवघड.

एक नियम आधीच सांगते. जो मोजतो तो प्रयोगकर्ता आणि ज्याच्यावर मोजतात तो प्रयुक्त, आणि मधे मधे जागा बदलायच्या. हा आमचा शोध नाही, वुंटकडे तसंच चालायचं, स्वतः प्रोफेसरसाहेब प्रयुक्त म्हणून बसायचे आणि विद्यार्थी त्यांची वेळ मोजायचा. आपल्याकडे प्रॅक्टिकलला सर प्रयुक्त झालेत असं कधी बघितलंय का?

पट्टी पकडा

सुरुवात याने करा कारण याला दोन मिनिटं लागतात. प्रयोगकर्त्याने पट्टी वरून धरायची, शून्याचं टोक खाली. प्रयुक्ताने खाली अंगठा आणि बोट पट्टीला न टेकवता उघडं ठेवायचं, बरोबर शून्यापाशी. न सांगता पट्टी सोडायची आणि त्याने चिमटीत पकडायची. किती सेंटिमीटरवर पकडली ते लिहा. १० सेंमी म्हणजे ०.१४ सेकंद, १५ म्हणजे ०.१७५, २० म्हणजे ०.२०, २५ म्हणजे ०.२३, हे पडणाऱ्या वस्तूच्या साध्या फॉर्म्युल्यावरून येतं. पंधरा-वीस वेळा करा आणि सरासरी काढा. पहिली तीन-चार सोडून द्या, त्यात माणूस नुसता हसत असतो.

आता यात इतिहास कुठे आहे? तर १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत भल्याभल्या शरीरशास्त्रज्ञांना वाटायचं की नसेतून जाणारा संदेश इतका वेगवान असतो की तो मोजताच येणार नाही. योहानेस म्युलर त्यातलाच एक. आणि त्याच्याच विद्यार्थ्याने, हेल्महोल्ट्झने, १८५० मध्ये बेडकाच्या पायाची नस घेऊन ते मोजून दाखवलं. स्नायूच्या जवळ झटका दिला तर किती वेळ लागतो, लांब दिला तर किती, दोघांतला फरक काढला, वेग आला सेकंदाला साधारण २७ मीटर. म्हणजे एखादी एक्स्प्रेस ट्रेन जोरात असेल तेवढाच! विजेसारखा वगैरे काही नाही. संदेशाला वेळ लागतो, आणि वेळ लागतो म्हणजे तो मोजता येतो, एवढ्या एका गोष्टीवर पुढची सगळी इमारत उभी आहे.

खरं तर त्याच्याही आधी हा घोळ खगोलशास्त्रात झाला होता. ग्रिनिचच्या वेधशाळेत १७९६ मध्ये तिथल्या प्रमुखाने, मास्केलाइनने, आपल्या असिस्टंटला कामावरून काढलं, कारण तारा दुर्बिणीतल्या तारेवरून गेला की तो जी वेळ लिहायचा ती साहेबांच्या वेळेपेक्षा ०.८ सेकंदाने मागे असायची. घड्याळाचे ठोके कानाने मोजायचे आणि तारा डोळ्याने बघायचा, असं ते काम. बिचाऱ्याची नोकरी गेली. नंतर बेसेल नावाच्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने हे प्रकरण वाचलं आणि त्याच्या लक्षात आलं की यात आळशीपणा नाही, दोन चांगल्या निरीक्षकांमध्येही असा फरक पडतोच, माणसामाणसाचा वेगळा पडतो. याला नाव पडलं व्यक्तिगत समीकरण. वुंटला या प्रश्नाने पछाडलं होतं, १८६१च्या सुमारास त्याने घरातल्या लंबकाच्या घड्याळाला जोडजाड करून बघितलं की घंटा ऐकणं आणि लंबक कुठे आहे ते बघणं एकाच क्षणी जमतं का. जमत नाही, सेकंदाच्या सुमारे आठव्या भागाचा फरक पडतो असं त्याचं म्हणणं होतं.

पत्त्यांवरून विचाराची वेळ काढा

हा माझा सगळ्यात आवडता. डच डॉक्टर डॉन्डर्स, उट्रेक्टचा, त्याने १८६८ मध्ये मांडलेली युक्ती इतकी सोपी आहे की आपल्याला का नाही सुचली असं वाटतं. झटका बसला की हात हलव, याला एक वेळ लागतो. डाव्या पायाला बसला तर डावा हात, उजव्या पायाला बसला तर उजवा, याला थोडा जास्त लागतो. मग जास्तीचा वेळ कशाचा? ठरवण्याचा! एकातून दुसरा वजा करा. त्याला तो फरक सेकंदाच्या पंधराव्या भागाएवढा मिळाला.

झटके आपण देणार नाही. पत्ते घ्या, ५२, जोकर काढून, नीट पिसून. पहिली फेरी, एकेक पत्ता उलटा करून नुसता एका गठ्ठ्यात टाकत जायचं, स्टॉपवॉच लावून. दुसरी फेरी, लाल एकीकडे काळे एकीकडे. तिसरी, चारी रंगांचे चार गठ्ठे: इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. प्रत्येक फेरी निदान तीन वेळा, आणि दर वेळी पिसायचं.

पुतणीचे आले ३१ सेकंद, ४३ सेकंद आणि ५७ सेकंद. आता ४३ वजा ३१ म्हणजे १२, भागिले ५२, म्हणजे लाल का काळा हे ठरवायला पत्त्यामागे ०.२३ सेकंद. आणि दोनाचे चार पर्याय झाले तर अजून ०.२७. ती वहीकडे बघतच राहिली. "म्हणजे हा माझा विचार आहे? ०.२३?" हो, तुझा विचार आहे, पण त्यात हात डावीकडे उजवीकडे न्यायचा वेळ पण मिसळलाय, पहिल्या फेरीत हात एकाच जागी जात होता. हे तिला मी सांगितल्यावर ती जरा हिरमुसली पण मुद्दा तोच आहे, नंतरच्या लोकांनी डॉन्डर्सवर टीका केली ती याच जातीची होती. एक पायरी वाढवली की बाकीचं काम तसंच्या तसं राहतं हे कशावरून? सगळं कामच बदलत असेल तर? दोन्ही गठ्ठे सारख्या अंतरावर ठेवा, मग ही भानगड थोडी कमी होते. पूर्ण जात नाही.

आणि आता वुंट. १८७९ला लाइपझिगमध्ये काही फीत कापली नव्हती, नारळ फोडला नव्हता. युनिव्हर्सिटीने त्याला एका जुन्या इमारतीत सामान ठेवायला खोली दिलेली होती, त्या वर्षीच्या हिवाळ्यात तिथे विद्यार्थी स्वतःचं संशोधन करायला लागले, म्हणून ते साल धरतात. युनिव्हर्सिटीची अधिकृत मान्यता तर १८८३ला आली. तिथला पहिला प्रबंध माक्स फ्रीडरिखचा, आणि विषय? प्रतिक्रियेचा वेळ! साधी वस्तू ओळखायला किती, गुंतागुंतीची ओळखायला किती. म्हणजे तुम्ही आत्ता पत्त्यांवर केलंत तेच, फक्त त्यांच्याकडे सेकंदाचा हजारावा भाग मोजणारं हिपचं क्रोनोस्कोप होतं आणि आपल्याकडे फोन.

बाटल्या उचला, आणि आकडे बनवू नका

याला वेळ लागतो, चहा करून बसा.

वजनातला किती बारीक फरक हाताला कळतो ते इथे बघायचं. आमच्या कॉलेजात हे प्रॅक्टिकल होतं. मी काय केलं तर होस्टेलवर बसून रिडिंग्ज बनवली. पाच ग्रॅमला सगळी चूक, दहा ग्रॅमला सगळी बरोबर, मधे काही नाही, एकदम स्वच्छ जर्नल. मॅडमनी अर्धा मिनिट बघितलं आणि विचारलं, "तुझी प्रयुक्त माणूस आहे का वजनकाटा?" सगळं परत करायला लावलं. अजून आठवतं.

तर कृती अशी. अर्ध्या लिटरच्या दोन्ही बाटल्यांत २०० मिली पाणी. एकीत औषधाच्या झाकणाने ५ मिली जास्त, पाण्याचा १ मिली म्हणजे १ ग्रॅम, त्यामुळे काटा लागत नाही. झाकणं घट्ट लावा आणि जड बाटलीच्या बुडाला पेनाने खूण करा. प्रयुक्ताचे डोळे बंद. प्रयोगकर्त्याने नाणं उडवून ठरवायचं आधी कुठली द्यायची, स्वतःच्या मनाने नको, आपण नकळत पॅटर्न करतो. एकाच हातात आधी एक, मग दुसरी, आणि विचारायचं कुठली जड. "माहीत नाही" चालणार नाही, काहीतरी एक सांगायचंच. बरोबर का चूक ते लगेच लिहायचं पण प्रयुक्ताला सांगायचं नाही. असं २० वेळा. मग जादा पाणी १० मिली करून २० वेळा, मग २० मिली.

२० पैकी १० च्या आसपास बरोबर आली तर तो नुसता अंदाज आहे, नाणं उडवलं तरी तेवढी आलीच असती. १५ च्या आसपास बरोबर यायला लागली की तो तुमचा किमान जाणवणारा फरक. हे एकदम ठक्कन बदलत नाही, हळूहळू चढत जातं, ११, १३, १६ असं, आणि कधी मधेच खाली पण येतं. मी बनवलेल्या जर्नलमध्ये नेमकं तेच नव्हतं.

मग एक लिटरच्या बाटल्या घ्या, ८०० मिली पाणी भरून परत तसंच. आता आधीचा फरक कळतच नाही! मघाशी जेवढं पाणी पुरत होतं तेवढं इथे टाकलं तर काहीच वाटत नाही, चौपट टाकावं लागतं. हाच वेबरचा नियम. एर्न्स्ट हाइनरिख वेबर, लाइपझिगचाच, १८३४चं लिखाण. फरक किती ग्रॅमचा आहे याला महत्त्व नाही, मूळ वजनाच्या किती पटीत आहे याला आहे. उचललेल्या वजनासाठी त्याने साधारण चाळीसावा भाग सांगितला, म्हणजे २०० ग्रॅमला ५ ग्रॅम. सवय नसलेल्या माणसाला एवढं बारीक येत नाही, आम्हाला दोघींनाही नाही आलं, तुमचं नाही आलं तर हिरमुसू नका. दोन्ही वजनांना भाग साधारण सारखा येतोय का तेवढंच बघा. (अगदी हलक्या आणि अगदी जड वस्तूंना हा नियम नीट लागू पडत नाही, ५ ग्रॅमच्या पुडीवर करायला जाऊ नका.)

नाणं का उडवायचं याचं अजून एक कारण आहे: नंतर उचललेली बाटली उगाचच जड वाटते. फेक्नरला हे सापडलं होतं आणि त्याला ते चुकवायचं कसं यावर बरीच डोकेफोड करावी लागली. नाण्याने दोन्ही क्रम साधारण सारखे येतात आणि चूक एकमेकांना खाते.

फेक्नर हा माणूस म्हणजे एक प्रकरणच आहे. फिजिक्सचा प्रोफेसर, डोळ्यांत उमटणाऱ्या रंगांचा अभ्यास करायला रंगीत काचेतून सूर्याकडे बघत बसला आणि डोळे घालवून घेतले. नोकरी सुटली, अंधाऱ्या खोलीत पडून राहायचा. बरा झाला तो एकदम तत्त्वज्ञ होऊन, झाडांनाही आत्मा असतो यावर पुस्तक लिहिलं. २२ ऑक्टोबर १८५०ला सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्याला सुचलं की शरीर आणि मन यांचं नातं आकड्यात मांडता येईल. वजन दुप्पट केलं तर जड वाटणं दुप्पट होत नाही, एक पायरी चढते. चौपट, दुसरी पायरी. आठपट, तिसरी. बाहेर गुणाकार चाललेला असतो आणि आत बेरीज. हे सगळं त्याने १८६०च्या ग्रंथात मांडलं, आणि त्यासाठी वजनं उचलून उचलून २४ हजारांहून जास्त निवाडे नोंदवले, स्वतः. आपण ६० वेळा करून हात दुखतो म्हणतो.

याचं एवढं कौतुक का, तर त्याआधी १७८६ मध्ये कांट या बड्या जर्मन तत्त्वज्ञाने सांगून ठेवलं होतं की मनाचा अभ्यास खरं विज्ञान होऊच शकत नाही कारण त्याला गणित लावता येत नाही. कांट म्हणाला म्हणजे संपलं अशी तेव्हा परिस्थिती. त्याला उत्तर मिळालं ते वादविवादातून नाही, बाटल्या उचलून मिळालं (त्यांच्या बाटल्या नव्हत्या, पण तेच). मला विचाराल तर जनक वगैरे म्हणायचंच असेल तर वुंटपेक्षा फेक्नरला म्हणावं, पण पेपरात असं लिहू नका, पेपरात वुंटच लिहा.

हेअरपिनचं राहिलं. पिनेची दोन टोकं फाकवून बोटाच्या टोकावर हलकेच दोन्ही एकदम टेकवा, डोळे बंद, एक टोक आहे का दोन? मग अंतर कमी करत जा. बोटावर साधारण २ मिलिमीटरपर्यंत दोन वेगळी कळतात, पाठीवर ४ ते ६ सेंटिमीटर अंतर ठेवलं तरी माणूस "एकच आहे" म्हणून सांगतो. हा पण वेबरचाच. पाठीवरचा करताना घरातले सगळे जमा होतात आणि कोणाचा विश्वास बसत नाही. टोचेल असं टोक नको, कंपासपेटीतला कर्कटक तर नकोच.

निरर्थक शब्दांची यादी

ही संध्याकाळी सुरू करा कारण ती महिनाभर चालते.

एबिंगहाऊसला जुन्या पुस्तकांच्या दुकानात फेक्नरचा तो ग्रंथ मिळाला आणि त्याने ठरवलं की संवेदना मोजता येतात तर स्मरण का नाही. लॅब नाही, विद्यार्थी नाहीत, पगारी नोकरी नाही, प्रयोगकर्ता तोच आणि प्रयुक्त पण तोच. व्यंजन-स्वर-व्यंजन असे सुमारे २३०० निरर्थक शब्द तयार केले, म्हणजे आधीची ओळख मधे यायला नको. पुस्तक १८८५चं.

तुम्हाला १२ शब्द लागतील, आणि मराठीत हे वाटतं तेवढं सोपं नाही. आम्ही बनवायला बसलो तर दर दुसरा शब्द अर्थाचा निघतो. ठेव, गाढ, पूर, झोत, खोड, सगळे बाद. शेवटी ण, ळ, झ, ढ, फ अशी अक्षरं घेऊन जमलं: भेझ, थुफ, गेठ, झुध, छिब, फोळ, टुघ, णोक, ढेथ, लुझ, खिफ, घेण. ही यादी घ्या हवी तर. पण आधी मोठ्याने वाचू नका, पाठ होतील.

आता फोनवर मेट्रोनोम अ‍ॅप लावा, मिनिटाला ६० ठोके, प्रत्येक ठोक्याला एक शब्द वाचा. एबिंगहाऊस मिनिटाला १५० च्या वेगाने वाचायचा, ते आपल्याला झेपणार नाही. यादी वाचली की न बघता म्हणून बघायची, चुकलं की परत पहिल्यापासून वाचायची. लागोपाठ दोनदा न चुकता म्हणता आली की थांबायचं आणि एकूण किती वेळा वाचावी लागली ते लिहायचं. अर्थ लावायचा नाही, "टुघ म्हणजे टुणटुण घंटा" असलं काही नाही. पुतणीने हेच केलं आणि ६ वाचनांत संपवलं, मग दुसरी यादी करावी लागली.

दुसऱ्या दिवशी तीच यादी परत पाठ करा. गंमत अशी की आदल्या दिवशीचं काही आठवत नाही असं वाटतं, चार-पाच शब्द कसेबसे. पण परत पाठ करायला कमी वाचनं लागतात. माझं पहिल्या दिवशी १४, दुसऱ्या दिवशी ९, म्हणजे ५ कमी लागली, १४ पैकी ५, ३६ टक्के बचत. जे आठवत नाही असं आपण म्हणतो तेही कुठेतरी शिल्लक असतं, आणि एबिंगहाऊसने ते मोजायची पद्धत काढली, ही त्याची खरी करामत, नुसता तो पुस्तकातला विसरण्याचा वक्र नाही. त्याची बचत २० मिनिटांनी ५८ टक्के, तासाने ४४, एका दिवसाने ३४, सहा दिवसांनी २५, आणि ३१ दिवसांनी २१. बघा, पहिल्या तासात अर्ध्याहून जास्त गेलं आणि मग महिनाभर जातं ते हळूहळू.

तुलनेला म्हणून कधी न ऐकलेल्या अभंगाच्या ओळी घ्या, १२च शब्द, तसंच पाठ करा. एबिंगहाऊसने इंग्लिश कवितेची कडवी घेतली होती आणि त्याला निरर्थक शब्दांच्या मानाने साधारण दहावा हिस्सा मेहनत लागली.

कुकरची शिट्टी

अंतर्निरीक्षण (आपल्याच मनात काय चाललंय ते बघून सांगणं) म्हणजे बसून विचार करणं नव्हे, हे आधी डोक्यातून काढा. वुंट मेट्रोनोम ऐकायला लावायचा आणि लगेच विचारायचा. आपण कुकर लावू. दोन शिट्ट्या झाल्यात, तिसरीची वाट बघताय, शिट्टी वाजायच्या आधी आत काय होतं ते बघा: एक ताण चढत जातो, वाजली की सुटतो. वाफेचा आवाज वाढला की जरा उत्तेजित, नंतर शांत. आणि तो आवाज बरा वाटतो का नकोसा. भावनांच्या वुंटने सांगितलेल्या तिन्ही दिशा झाल्या: सुखद-दुःखद, ताण-सैलपणा, उत्तेजना-शांती. लगेच लिहायचं, दहा सेकंदांनी लिहिलं तर तुम्ही आठवण लिहिताय.

टिचनर, वुंटचा विद्यार्थी, १८९२ला अमेरिकेत कॉर्नेलला गेला आणि तिथे याचं कडक सोवळं करून ठेवलं. लिंबू हातात दिलं तर "लिंबू" म्हणायचं नाही! पिवळा, गार, खडबडीत, आंबट वास असं सांगायचं, वस्तूचं नाव घेतलं की ती चूक. करून बघा, दोन मिनिटांत वैताग येतो, आणि मुख्य म्हणजे दोघांचं वर्णन जुळत नाही. आमचं नाही जुळलं. मी म्हटलं आधी गारपणा आला, ती म्हणाली आधी वास. कोण बरोबर? ठरवणार कसं? पट्टीच्या बाबतीत हा प्रश्न आला नाही, १७ सेंमी म्हणजे १७ सेंमी. तिकडे लॅबांमध्येही असंच झालं, एकांना प्रतिमांशिवाय विचार सापडायचा आणि दुसऱ्यांना सापडायचाच नाही, आणि १९१३ मध्ये वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सरळ सांगितलं की हे सगळं सोडा, वर्तन बघा. रचनावाद (अनुभवाचे असे सुटे सुटे घटक शोधायचा टिचनरचा पंथ) का पडला यावर पाच मार्कांचं उत्तर लिंबू हातात घेतल्यावर आपोआप लिहिता येतं.

हे सगळं आपल्याकडे आलं कसं, तर कलकत्त्यावरून. १९१६ला कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला, नरेंद्रनाथ सेनगुप्तांकडे. ते हार्वर्डला म्युन्स्टरबर्गकडे शिकलेले आणि म्युन्स्टरबर्ग वुंटचा विद्यार्थी. म्हणजे बीएच्या प्रॅक्टिकलला स्टॉपवॉच घेऊन बसतो ते लाइपझिगपासून तीनच माणसं लांब.

शब्दांची यादी सहाव्या आणि एकतिसाव्या दिवशी परत करायची आहे, फोनमध्ये आत्ताच अलार्म लावा, आणि यादीचा कागद कुठे ठेवला तेही त्या अलार्ममध्ये लिहा. आमचा एकतिसावा दिवस नेमका गणपतीत आला, अलार्म वाजला, पण कागद आवराआवरीत कुठे गेला ते दोघींनाही आठवेना. टुघ तेवढा आठवत होता.